आम्हाला जनरल नको, बॅनर हवा

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात पाच कंदिलाजवळ सैन्यभरतीच्या एका अकॅडमीचा बॅनर लागलाय. त्यावर अमेरिकेचा जनरल जॉर्ज पॅटन उभा आहे. चकाकतं हेल्मेट, छातीवर पदकांची रांग, कमरेला पांढऱ्या मुठीचं पिस्तूल. एका बाजूला शिवाजी महाराज, दुसऱ्या बाजूला तालुक्यातले एक पुढारी, आणि तिघांच्या पायाखाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची माळ. पॅटनच्या तोंडी घाम आणि रक्ताबद्दल एक मराठी वाक्य घातलंय. हा गोरा म्हातारा कोण, हे बॅनर करणाऱ्याला बहुधा ठाऊक नसावं. मोबाइलवर शोधल्यावर जो सगळ्यांत जास्त जनरलसारखा दिसला, तो त्याने उचलला.

पहाटे त्याच बॅनरखालून पोरं धावायला निघतात. सोळाशे मीटर ठरलेल्या वेळेच्या आत काढायचे असतात. कांद्याचा भाव पडलेल्या घरातली पोरं ही. शेतात राम उरला नाही आणि कॉलेजच्या कागदाला किंमत उरली नाही, म्हणून धावतात. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, "काय रे, जनरल थोरात माहीत आहेत का?" धापा टाकत थांबला बिचारा. म्हणाला, "कोणते थोरात, काका? संगमनेरचे पुढारी का?"

त्याला कशाला दोष द्यायचा? त्याच्या अकॅडमीने सांगितलं नाही, शाळेने सांगितलं नाही. उठताबसता मराठ्यांच्या तलवारीचा गजर करणाऱ्या महाराष्ट्राने तर कधीच सांगितलं नाही. सांगायची पाळी आमच्या वयाच्या माणसांची होती. आम्ही ती फटाके वाजवण्यात घालवली.

म्हणून आता आडपडदा न ठेवता लिहितो. आपल्याला जनरल आवडत नाहीत, जनरलचा फोटो आवडतो. फोटो वाद घालत नाही, हिशोब मागत नाही आणि "साहेब, हे जमणार नाही" असं लेखी देत नाही. जो देतो, त्याला आपण घरी बसवतो. पुढे त्याचं म्हणणं खरं ठरलं की त्याला विसरतो, कारण त्याची आठवण काढली की आपली लाज निघते. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावच्या माणसाचं आपण नेमकं हेच केलं.

आधी बॅनरवरच्या पाहुण्याचं बघू. पॅटन मोठा सेनापती होता, यात वाद नाही. १९४४ साली त्याची थर्ड आर्मी फ्रान्समधून ज्या वेगाने पुढे सरकली, त्याला तोड नाही. पण याच पॅटनने १९४३ साली सिसिलीतल्या लष्करी इस्पितळांत मनाने खचलेल्या दोन शिपायांना भित्रे म्हणून मारहाण केली. त्याचा वरिष्ठ आयझेनहॉवर याने त्याला त्याबद्दल माफी मागायला लावली. युद्ध संपल्यावर तो नाझींबद्दल बेताल बोलला, तेव्हा त्याच्याकडून थर्ड आर्मी काढून घेतली. डिसेंबर १९४५ मध्ये तो मोटार अपघातातल्या जखमांनी गेला. १९७० साली अमेरिकेने त्याच्यावर चित्रपट काढला, त्याला सात ऑस्कर मिळाली, आणि त्या चित्रपटात ती थोबाडीतही आहे आणि माफीही आहे. देशाने आपला नायक दोषांसकट पडद्यावर आणला आणि देशाचं काही बिघडलं नाही. आपल्याकडे एखाद्या सेनापतीच्या चित्रपटात असं दृश्य घातलं, तर थिएटरच्या काचा शाबूत राहतील का?

दुसरा अमेरिकन महापुरुष डग्लस मॅकआर्थर. थोरातांची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. सप्टेंबर १९५० मध्ये कोरियात इंचॉनच्या किनाऱ्यावर फौज उतरवून त्याने हरत आलेलं युद्ध फिरवलं. मग विजय डोक्यात गेला. ३८ अंश अक्षांशाच्या उत्तरेला अमेरिकन फौज आली तर चीन युद्धात उतरेल, असा निरोप ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पेकिंगमधले भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांच्या हाती दिला होता. वॉशिंग्टनने तो कानाआड केला. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी विचारलं, तेव्हा मॅकआर्थरने चिनी येण्याची शक्यता फारच कमी असल्याची ग्वाही दिली. महिना सव्वा महिन्यात चिनी फौजा डोंगरांतून अशा कोसळल्या की अमेरिकन सैन्याला दक्षिणेकडे पळता भुई थोडी झाली. पुढे जाहीरपणे वरिष्ठांविरुद्ध बोलत राहिला, म्हणून ट्रूमन यांनी एप्रिल १९५१ मध्ये त्याला काढून टाकलं.

काढल्यावर काय झालं? न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली, कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडला, आणि राष्ट्राध्यक्षाला शिव्या बसल्या. म्हणजे गर्दी तिथेही गर्दीच. पण लगेच सिनेटने चौकशी मांडली. मॅकआर्थरची साक्ष झाली, त्याच्याविरुद्ध सरसेनानींच्या साक्षी झाल्या. लष्करी गुपितं तेवढी गाळून बाकीचा मजकूर वर्तमानपत्रांच्या हाती दिला गेला. युद्ध चालू असताना! चिन्यांच्या बाबतीत साफ चुकलेल्या जनरलची झाडाझडती त्याच्या देशाने भर चौकात घेतली.

आता चिन्यांच्या बाबतीत बरोबर ठरलेल्या आपल्या जनरलची गोष्ट ऐका.

थोरात १९०६ चे. इंग्लंडच्या सॅन्डहर्स्टमधून १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले. गोऱ्यांच्या सैन्यात काळ्या अधिकाऱ्याच्या हाती बटालियन द्यायची की नाही यावर खल चालायचा, तो हा काळ. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. तिथल्या एका ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे कमांडर हिंदी होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. जपान्यांशी हातघाईची लढाई झाली आणि तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवा. सतरा वर्षांनी हिमालयात काय घडलं, त्याचा धागा याच तिघांतून जातो.

१९५३ साली कोरियात युद्धबंदी झाली. मायदेशी परत जायला तयार नसलेल्या बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना सांभाळायचं कोणी, हा प्रश्न होता. दोन्ही बाजूंना चालेल असा देश भारतच निघाला. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि सहा हजारांच्या आसपास भारतीय जवानांच्या तुकडीचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतीयांवर इतका राग की यांचं पाऊल आमच्या जमिनीला लागू देणार नाही म्हणाले. म्हणून आपले जवान इंचॉनच्या किनाऱ्यावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले. तिथे छावणी वसली, तिचं नाव हिंद नगर.

सप्टेंबरअखेरीस एका कुंपणातल्या चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढलं आणि ओलीस धरलं. कैदी शेकड्याने, डोकी तापलेली, मागण्या सुरू. बाहेर सशस्त्र भारतीय पहारा. एक हुकूम पुरे होता. मशिनगन चालली असती, तर कायद्याने कोणी बोट ठेवलं नसतं. थोरात मोजकी माणसं घेऊन, बंदूक न घेता, फाटकातून त्या घोळक्यात शिरले. कैद्यांच्या म्होरक्यांशी बोलत बसले. गोळी न झाडता ग्रेवालांना सोडवून बाहेर आले. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र वर्ग २ मिळालं, ज्याला आता कीर्ती चक्र म्हणतात.

हा प्रसंग बॅनरवर का येत नाही, सांगतो. त्यात पिस्तूल नाही. आपल्या व्याख्येत बंदूक न घेता मरणाच्या तोंडात शिरणारा माणूस शूर बसत नाही, स्टुडिओत बसून शेजारच्या राजधानीवर झेंडा रोवणारा बसतो. पण चिनी माणूस जवळून, डोळ्याला डोळा भिडवून पाहिलेला भारतीय सेनाधिकारी त्या काळात थोरातांएवढा दुसरा क्वचितच असेल. आणि हाच माणूस १९५७ ला लखनौला पूर्व विभागाचा प्रमुख म्हणून बसला, तेव्हा नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, सरहद्द पुढे त्याच्याच पदरात पडली.

ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजूला चिन्यांनी आपली चौकी घेतली. ऑक्टोबरमध्ये थोरातांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा लिहून दिल्लीला पाठवला. त्यात मांडलेलं गणित सरळ होतं. सीमेवरच्या चौक्या पातळ ठेवायच्या, त्यांचं काम इशारा देण्याचं. शत्रू आला की त्यांनी झुंजत मागे यायचं. शत्रूला डोंगर ओलांडून आत येऊ द्यायचं, त्याची रसद ताणू द्यायची, आणि आपला रस्ता, दाणागोटा, तोफा जिथे पोचतात अशा ओळीवर पाय रोवून त्याला ठोकायचं. त्यासाठी एवढी माणसं लागतील, एवढं सामान लागेल, ते आज आपल्याकडे नाही, म्हणून आज लढाई झाली तर आपण सीमा राखू शकणार नाही. इतकं स्वच्छ. लष्करप्रमुख थिमय्यांनी आराखडा मान्य करून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे धाडला. थोरातांनी 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' या आत्मचरित्रात लिहिलंय की मेनन यांनी तो अनावश्यक घबराट म्हणून बाजूला टाकला. चीन हल्ला करणार नाही, आणि केलाच तर मुत्सद्देगिरीने थोपवू, असा त्यांचा भरवसा होता.

थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाची युद्धकवायत भरवून त्यांनी चिनी कुठून येतील, आपण कुठे तुटू, हे नकाशावर मांडून दाखवलं. दिल्लीत ढिम्म हललं नाही. चाळीत कांदा सडायला लागला की निदान वास तरी सुटतो. फाइल सडते तेव्हा आधी माणसं मरतात, वास नंतर येतो.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागे थोरातांना नेमावं, असं त्यांचं मत होतं. नेमणूक झाली प्राणनाथ थापर यांची. थोरात निवृत्त झाले. पूर्व विभागाची सूत्रं कांगॉच्या त्रिकुटातल्या तिसऱ्याकडे, सेन यांच्याकडे गेली.

इथे आपल्या मराठी कंपूचं आवडतं रडगाणं सुरू होतं: दिल्लीने मराठी माणसाला डावललं! तेही नीट तपासू. थापर थोरातांना नोकरीत काही महिन्यांनी ज्येष्ठ होते. कागदावर पाहिलं तर नेमणुकीत बेकायदा काही नव्हतं. पुढे अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले, मनोज नरवणे झाले. दिल्लीने त्यांचं आडनाव पाहून दार लावलं नाही. तेव्हा थोरातांना खुर्ची मिळाली नाही, हा अन्याय म्हणावा तर तो दुय्यम आहे. मूळ गुन्हा वेगळा आहे. त्यांच्या खुर्चीबरोबर त्यांचा आराखडाही निवृत्त केला गेला. 'मराठी माणसावर अन्याय' ही आरोळी ठोकली की आपल्याला त्या आराखड्यात काय होतं ते वाचावं लागत नाही, म्हणून ती आपल्याला प्रिय आहे.

आता पुढचं. नोव्हेंबर १९६१ मध्ये दिल्लीत ठरलं ते थोरातांच्या बरोबर उलट: चौक्या आणखी पुढे सरकवा. मागे रस्ता नाही, तोफ नाही, हवेतून गाठोडी टाकायला विमानं पुरेशी नाहीत, तरी पुढे सरकवा. १२ ऑक्टोबर १९६२ ला श्रीलंकेला निघताना पंडित नेहरू पत्रकारांना म्हणाले की आपला प्रदेश मोकळा करायला सैन्याला सांगितलंय. वर्तमानपत्रांनी मोठ्या टायपात छापलं. आठ दिवसांनी, २० ऑक्टोबरच्या पहाटे, नामका चू नाल्यावर चिनी तोफा सुरू झाल्या. तिथे ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांची ७ वी ब्रिगेड खालच्या अंगाला आणि चिनी वरच्या कड्यावर. आपल्या जवानांच्या अंगात सुती कपडे, काडतुसं मोजून दिलेली. काही तासांत ब्रिगेड संपली. दळवी कैद झाले. तवांग पडलं. नोव्हेंबरच्या मध्यात सेला आणि बोमदिला पडलं. २१ नोव्हेंबरपासून चीनने आपण होऊन युद्ध थांबवलं. आपण थांबवू शकलो नव्हतो. सरकारी आकड्याने १३८३ जवान मेले, १६९६ बेपत्ता झाले, ३९६८ कैद झाले.

लढाई चालू असतानाच नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. तो जुना आराखडा आणि युद्धकवायतीचे कागद पाहिल्यावर त्यांनी विचारलं, हे मला आधी का दाखवलं नाही? थोरातांचं उत्तर होतं, ते मेननच सांगू शकतील. ही हकिगत थोरातांच्याच लेखणीतून आलेली, म्हणजे एका बाजूची आहे. ती तशीच धरा. पण कागद तर होता आणि युद्ध त्या कागदाप्रमाणे झालं, याला दुसरी बाजू कुठून आणणार?

मेनन गेले, थापर गेले. आणि मग आला तो प्रसंग, ज्याच्यावर नाशिक जिल्हा आजही मिशा पिळतो. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि १९६३ ला नाशिक लोकसभा मतदारसंघाने त्यांना बिनविरोध दिल्लीला पाठवलं. चव्हाणांनी सैन्य नव्याने उभं केलं, १९६५ ला त्याचं फळ दिसलं. हे श्रेय त्यांचंच, कोणी काढून घेऊ नये. पण बिनविरोध पाठवणं म्हणजे एकही प्रश्न न विचारता पाठवणं. पराभवाच्या चौकशीसाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल आला, आणि सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी संसदेत त्याचा चार गोष्टींचा सारांश सांगितला. अहवाल कुलपात गेला. ज्या जिल्ह्याने संरक्षणमंत्र्याला खांद्यावर घेतलं, त्या जिल्ह्याने तरी विचारायला हवं होतं की साहेब, आमची पोरं कोणाच्या चुकीने मेली? आपण विचारलं नाही. आपण हार घातले.

तो अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. २०१० साली काँग्रेसचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी संसदेत म्हणाले, त्यातला मजकूर आजही संवेदनशील आहे. विरोधात असताना भाजपवाले तो उघडा करा म्हणून गळा काढायचे. जुलै २०१४ मध्ये सत्तेत आल्या आल्या संरक्षणमंत्री अरुण जेटलींनी सांगितलं, उघडा करणं देशहिताचं नाही. नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग त्याच वर्षी इंटरनेटवर टाकून दिला होता. म्हणजे तो चिन्यांनी वाचलाय, अमेरिकनांनी वाचलाय. गुप्त आहे तो फक्त आपल्या सरकारी टेबलावर. युद्ध चालू असताना मॅकआर्थरची साक्ष छापणारे ते, आणि साठ वर्षं उलटल्यावरही पराभवाची कारणं फडक्यात गुंडाळून ठेवणारे आपण. आणि बॅनरवर मात्र त्यांचा जनरल!

इथवर वाचून एखादा गडी खूश झाला असेल. सगळं नेहरू-मेननच्या डोक्यावर गेलं, आपण सुटलो. थांबा, सुटला नाहीत.

चौक्या पुढे सरकवायचा तो वेडेपणा नुसता दिल्लीच्या बंद खोलीत शिजला नव्हता. संसदेत विरोधी बाकांवरून आरडाओरड चालली होती, वर्तमानपत्रं अग्रलेखांतून ललकारत होती: एक इंचही सोडू नका! नेहरूंना मागे येणारा पंतप्रधान म्हणवून घ्यायचं नव्हतं. थोरातांचा आराखडा तर म्हणत होता, आधी मागे या. शत्रूला काही मैल आत येऊ द्या, मग मारा. हे वाक्य लोकांच्या तोंडावर बोलायची धमक त्या वेळी कोणात नव्हती.

आज आहे? कल्पना करा, एखादा जनरल आज असा आराखडा मांडतो आणि तो फुटतो. संध्याकाळी सातला चॅनेलवर त्याचं काय होईल? पहिला प्रश्न त्याच्या पगारावर, दुसरा त्याच्या देशनिष्ठेवर, तिसरा त्याच्या जातीवर. देवळ्याच्या कट्ट्यावर रात्री आठ वाजता मोबाइलवर युद्धं जिंकणारे आपले मित्र त्याला चीनचा दलाल ठरवून मोकळे होतील. आणि मेननने थोरातांच्या आराखड्याला घबराट म्हटलं म्हणून शिव्या घालणारेही हेच. घबराट म्हणणाऱ्या मेनन यांच्यात आणि भित्रा म्हणणाऱ्या आपल्यात फरक एवढाच की त्यांच्याकडे खातं होतं.

हा मुद्दा जुना वाटत असेल तर ताजा घ्या. जनरल मनोज नरवणे हे आपले मराठी माजी लष्करप्रमुख. त्यांचं 'फोर स्टार्स ऑफ डेस्टिनी' हे आत्मचरित्र २०२४ च्या सुरुवातीला येणार होतं. एका वृत्तसंस्थेने त्यातले काही उतारे छापले. त्यांत जवानांना चार वर्षांसाठी घेणाऱ्या अग्निपथ योजनेची हकिगत होती. सैन्याचं पहिलं म्हणणं असं की चार वर्षांनी ७५ टक्के जवान ठेवावेत आणि २५ टक्के सोडावेत. २०२२ ला योजना आली ती नेमकी उलटी: २५ टक्के ठेवणार, ७५ टक्के घरी. उतारे छापून आले आणि पुस्तक तपासणीसाठी म्हणून अडकलं.

आता त्या बॅनरखालून पहाटे धावणाऱ्या पोराकडे बघा. ही आकडेमोड त्याच्या आयुष्याची आहे. चारजण भरती झाले, तर चार वर्षांनी त्यांतले तिघे परत याच रस्त्याने देवळ्याला येणार आहेत. सैन्याचा सल्ला काय होता आणि निर्णय काय झाला, हे समजून घ्यायचा पहिला हक्क त्याचा. पण नरवण्यांचं पुस्तक कुठे अडकलं, म्हणून देवळ्यात, कळवणात, सटाण्यात कोणी एक अर्ज दिल्याचं माझ्या कानावर नाही. भरती अकॅडमीवाले विचारणार नाहीत, त्यांची फी बुडेल. पुढारी विचारणार नाहीत, त्यांचा फोटो जनरलच्या शेजारी आहे. आणि बाप विचारणार नाही, कारण त्याला कांद्याच्या भावापलीकडे प्रश्न विचारायची ताकदच आपण ठेवलेली नाही.

थोरात निवृत्तीनंतर काही आंबट तोंड करून बसले नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे ते अध्यक्ष झाले. हो, तीच एमपीएससी. देवळ्याच्या अभ्यासिकांत चालू घडामोडी घोकणाऱ्या पोरांना जगातल्या राजधान्या पाठ आहेत, पण ज्या आयोगाची परीक्षा देतोय त्याच्या खुर्चीवर एकेकाळी असा माणूस बसला होता, हे गाइडात नाही. ते १९९२ साली गेले. महाराष्ट्राने काही बंद पाळला नाही. चुकीच्या जनरलसाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लाखो लोक लोटले होते.

कोणी म्हणेल, मग थोरातांचा पुतळा बसवू, चौकाला नाव देऊ. नका देऊ! उगाच दुसरा बॅनर होईल. पुढच्या वर्षी जयंतीला डीजे लागेल, आणि एखादा उत्साही कार्यकर्ता त्यांच्या हातात पिस्तूल देईल. पुतळ्याच्या नावाने वर्गणी निघाली, तर मी एक रुपया देणार नाही.

द्यायचंच असेल तर तीन गोष्टी द्या. प्रत्येक भरती अकॅडमीने आठवड्यातून एक तास धावणं थांबवून पोरांना १९५९ ते १९६२ शिकवा: लाँगजू, लाल किला, नामका चू, बोमदिला. तालुक्याच्या वाचनालयात थोरातांचं आत्मचरित्र आणि ब्रिगेडियर दळवींनी लिहिलेलं पुस्तक ठेवा. कपाटात कुलपाखाली नव्हे, टेबलावर. आणि आपल्या खासदाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, सह्या करून एक पत्र द्या: हेंडरसन ब्रुक्स अहवाल उघडा करा, आणि नरवण्यांच्या पुस्तकाचं काय झालं ते संसदेत विचारा. १९६३ ला या जिल्ह्याने संरक्षणमंत्र्याला बिनविरोध निवडून दिलं होतं. एक प्रश्न विचारायचं देणं तेव्हापासून थकलंय.

ते फेडायचं नसेल, तर निदान सेनापतींचे फोटो लावणं बंद करा. खरं बोलणाऱ्या सेनापतीला ज्या समाजाने कधी ऐकून घेतलं नाही, त्याने त्याचा गणवेश मिरवायचा नसतो.